सिमाकोबोचा पंप

स्वरूपाने गुणवंतला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो कमरेपर्यंत कचऱ्यात बुडालेला होता, आणि उरलेला गुणवंतही आत जायची खटपट करत होता.

जपानातल्या त्सुकुबाला येऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता. तिचा नवरा अनुप तिथल्या एका संशोधन संस्थेत लागला होता. त्याने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की या देशात एखादा खून पचून जाईल, पण चुकीच्या दिवशी टाकलेली बाटली पचायची नाही. त्यामुळे 'न जळणाऱ्या' कचऱ्याच्या दिवशी सकाळी ती फुटक्या बशीची पिशवी दोन्ही हातांत धरून, तोंडी परीक्षेला निघाल्यासारखी, कोपऱ्यावरच्या जाळीच्या पिंजऱ्यापाशी गेली. पिंजऱ्यातून दोन पाय बाहेर आले होते. पुढे ही गोष्ट सांगताना स्वरूपाने त्या पायांची लांबी दरवर्षी वीतभर वाढवत नेली. अलीकडच्या आवृत्तीत ते पाय रस्ता ओलांडून समोरच्या कोम्बिनीपर्यंत पोचतात आणि त्या दुकानाचं आपोआप उघडणारं दार त्यांच्यामुळे सारखं उघडमीट करत राहतं. ते सोडून दिलं, तरी पिंजरा गदागदा हलत होता, कावळे तारेवर बसून श्वास रोखून पाहत होते, आणि कुत्र्याला फिरवायला निघालेले एक आजोबा आपल्याला काहीच दिसत नसल्याचा अभिनय करत होते. कुत्रासुद्धा तोच अभिनय करत होता, आणि जरा जास्त चांगला.

एवढ्यात आतून आवाज आला, "आरारारा! कुणी टाकलं गं तुला, माझे बाई?"

स्वरूपाच्या हातातली पिशवी पडली आणि फुटकी बशी आणखी फुटली. आत कुणीतरी बाई आहे आणि तीही सोलापूरची, अशी तिची खात्री पटली. ती पोलिसांचा नंबर आठवू लागली. तोवर पाय मागे सरकले, पायांमागून एक अगडबंब देह आला, डोक्यावर मोडक्या छत्रीच्या काड्या मुकुटासारख्या अडकलेल्या, आणि त्या देहाने छातीशी कवटाळलेला होता एक गंजका ओतीव लोखंडी हातपंप. कुठल्यातरी जपानी आजीच्या परसातल्या विहिरीवरचा.

त्याने आधी स्वरूपाकडे पाहिलं, मग तिच्या मंगळसूत्राकडे.

"मराठी काय ओ तुम्ही?"

"हो, पण..."

"मग बघत काय उभारलाय? खालनं धरा की!"

अशा रीतीने जपानमधल्या पहिल्याच आठवड्यात स्वरूपाने एका अनोळखी माणसाबरोबर एक पंप उचलून रस्त्यापलीकडे नेला. पिंजऱ्यात टाकलेली वस्तू बाहेर काढणं हा तिथे केवढा मोठा गुन्हा आहे, ते तिला नंतर कळलं. गल्लीच्या कमिटीच्या अध्यक्षीणबाई गॅलरीतून सगळं पाहत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त पुढची कित्येक वर्षं त्या स्वरूपाला नमस्कार करताना इतरांपेक्षा थोड्या कमी वाकत.

गुणवंत मूळचा सोलापूरचा. भूजलावर संशोधन करायला विद्यार्थी म्हणून आला, डॉक्टर झाला, आणि मग त्सुकुबातल्याच एका प्रयोगशाळेत कंत्राटी नोकरीवर चिकटला. वर्षाचं कंत्राट संपलं की पुढच्या वर्षाचं. लग्न राहून गेलं होतं, जसं एखाद्याचं घरातून निघताना छत्री घ्यायचं राहून जातं. आता परत कोण जातंय, अशा बेताने तो भिजत चालला होता. त्याच्याकडे एक सायकल होती, एक कढई होती, आणि एकच विषय होता.

"वहिनी, सोलापूरनं जगाला काय दिलं, सांगा बरं."

"चादर," स्वरूपा म्हणायची. हा प्रश्न तिला महिन्यातून एकदा तरी यायचा.

"चादर काय, कुणीबी देतंय ओ! पंप दिला, पंप! आज आफ्रिकेतल्या खेड्याखेड्यात जो हातपंप दिसतोय ना, त्याचा आज्जा सोलापूरचा आहे. आपल्याकडचा दुष्काळ, आपल्याकडची माणसं, आपल्याकडचं लोखंड. तिथनं तो देशभर गेला आणि मग समुद्र ओलांडून गेला. आणि तुम्ही म्हणे चादर!"

हे तो जेवताना सांगायचा, ट्रेनमध्ये सांगायचा, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना त्याने हे जपानीत सांगितल्याचं अनुप शपथेवर सांगत असे. गंमत म्हणजे ते खरं होतं. गुणवंतच्या गप्पांमधली ही एकच गोष्ट अशी होती की जिला मीठमसाला लावावा लागत नसे, आणि म्हणूनच बहुधा त्यावर कुणाचा विश्वास बसत नसे.

या एका विषयापायी तो 'मिझुनोवा' नावाच्या मंडळात होता. मिझुनोवा म्हणजे पाण्याचं वर्तुळ. त्सुकुबातले निवृत्त शास्त्रज्ञ, त्यांच्या बायका, एक निवृत्त पोस्टमास्तर, असे सगळे मिळून महिन्यातून एकदा नगरपालिकेच्या सभागृहात जमत, वाफाळता चहा पीत आणि झांबियाच्या दक्षिण भागातल्या सिमाकोबो या गावची काळजी वाहत. तिथे त्यांनी काही वर्षांपूर्वी बोअर पाडून हातपंप बसवला होता. अध्यक्ष होते मोरिशिता-सान, सत्तरी केव्हाच ओलांडलेले, इतके सभ्य की लिफ्टमध्ये एकटे असले तरी दाराकडे पाठ करून उभं राहायला संकोचत. स्वरूपाने पुण्यात जपानीच्या चारपाच परीक्षा दिल्या आहेत, हे कळल्याबरोबर गुणवंतने तिला मंडळात ओढलं. त्याची जपानी भाषा अचूक होती, पण ती तो सोलापुरी खणखणीत आवाजात बोलायचा. मंडळातल्या आज्ज्या दचकत. स्वरूपाचं काम, तो जे बोलला तेच पुन्हा हळू आवाजात सांगणं.

सिमाकोबो तिने कधी पाहिलं नाही. पण फोनच्या पडद्यावर तिला त्या गावाचा कोपरा न् कोपरा पाठ झाला होता. पंप येण्याआधी तिथल्या बायका आटलेल्या नदीच्या वाळूत खड्डे खणत आणि त्यात झिरपणारं गढूळ पाणी वाटीवाटीने भरत. गुरंही त्याच खड्ड्यांवर येत. पाणी आणायचं काम मुलींचं. अंधार असताना निघालेली मुलगी डोक्यावर हंडा घेऊन परत येई तोवर शाळेची अर्धी वेळ संपलेली असे. कोरड्या महिन्यांत तान्ह्या मुलांना जुलाब लागत आणि गावाबाहेरच्या माळावर मातीचे छोटे छोटे उंचवटे वाढत. पंप आला आणि हे थांबलं. एका दिवसात नाही, पण थांबलं. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं, की जुलाबाची पोरं येईनाशी झाली. सांडपाण्यावर बायकांनी टोमॅटो आणि कोबी लावला. मुली वेळेवर शाळेत बसू लागल्या.

त्यांतलीच एक मुतिंता. तिची आई चिपो ही तिथल्या पाणी समितीची अध्यक्ष. पंपाभोवती शेळ्यांनी आणि पुरुषांनी रेंगाळणं तिला सारखंच नापसंत होतं आणि दोघांनाही ती एकाच काठीने हाकलायची. रविवारी दुपारी फोन लागला की सुरुवात तीच करायची.

"डॉक्टर, तुझी बायको कुठे आहे?"

"अजून शोधतोय, चिपो."

"इतकी वर्षं? आमच्याकडे हरवलेली शेळीसुद्धा एवढ्या वेळात सापडते. आणि ही मागे बसलेली कोण?"

"ही स्वरूपा. दुसऱ्याची बायको आहे."

"म्हणजे शोधायला येतं तुला, फक्त चुकीच्या घरात शोधतोस!"

मग पंपाशी जमलेल्या सगळ्या बायका हसत आणि स्वरूपा इकडे लाल व्हायची. त्यानंतर मुतिंता वही घेऊन यायची आणि गुणवंत तिला अपूर्णांक शिकवायचा. तिला नर्स व्हायचं होतं. दवाखान्यातल्या नर्सकडे चावीने उघडणारं कपाट आहे, हे तिचं मुख्य कारण. गुणवंतला ते इतकं आवडलं होतं की तो जपानी प्राध्यापकांनाही संशोधनाचा उद्देश समजावताना कपाटाचा दाखला द्यायचा.

आता पंप म्हटलं की तो बिघडणार. आत नळकांड्यात एक दट्ट्या वरखाली होतो, त्याच्याभोवती एक रिंग असते, ती झिजते. सिमाकोबोतही ती वर्षाकाठी झिजायची. मग तालुक्याच्या गावाहून एक मिस्त्री सायकलवर यायचा, बाजारात मिळणारी साधी रिंग घालायचा, चिपोच्या शिव्या खायचा आणि जायचा. पंप दोन दिवस बंद. गावाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. ते दोन दिवस बायका भरून ठेवलेल्या पाण्यावर माहेरपणासारखे घालवत.

पण मिझुनोवाला झोप लागेना. वर्षातून दोन दिवस पंप बंद! ज्या देशात गाडी अर्ध्या मिनिटाने उशिरा आली तर स्टेशनवर माफी मागतात, त्या देशाच्या माणसांनी बसवलेला पंप! मोरिशिता-सानांनी तो आकडा ऐकून मान खाली घातली ती सभा संपेपर्यंत वर केली नाही. पोस्टमास्तरांनी डोळे पुसले. आणि मग, कुणाचंही काहीही वाईट चिंतलेलं नसताना, सुधारणा करायचं ठरलं.

सुधारणेसाठी सापडले कुरिहारा-सान. टोकियोच्या एका जुन्या गल्लीत त्यांचा दोन खोल्यांचा कारखाना होता. वय ऐंशी. आयुष्यभर रबराच्या आणि धातूच्या रिंगा घडवलेला माणूस. त्यांनी सिमाकोबोसाठी स्टेनलेस स्टीलचे पाइप निवडले, नवं नळकांडं घडवलं, नवा दट्ट्या घडवला, आणि त्यावर बसणारी एक काळीभोर रिंग अशी केली की केसाचीही फट राहू नये. सगळं स्वतःच्या मापाने. कागदावर काही नाही, सगळं डोक्यात.

ती रिंग मंडळासमोर आली तो दिवस स्वरूपाला नीट आठवतो. मखमलीच्या पेटीत ती ठेवलेली होती. सगळ्यांनी एकेक करून वाकून दर्शन घेतलं. कुरिहारा-सान खुर्चीच्या टोकावर ताठ बसले होते.

"किती टिकेल?" मोरिशिता-सानांनी विचारलं.

"मी जाईन," म्हातारा म्हणाला, "तेव्हा ती असेल."

टाळ्या झाल्या. स्वरूपाने शेजारी पाहिलं. गुणवंतचं तोंड उघडलं होतं. तो काय विचारणार हे तिला स्वच्छ कळत होतं, कारण तिच्याही मनात तेच आलं होतं. तिच्या ओट्याखालच्या खणात प्रेशर कुकरच्या तीन रिंगा होत्या. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, की येताना कुकरची रिंग आण. जपानात बिऱ्हाड मांडलेल्या मराठी बायकांच्या घरात एक वेळ देव नसतील, पण कुकरची जास्तीची रिंग असते. तेव्हा गुणवंत आता आपल्या खणखणीत आवाजात म्हणणार, लै भारी, पण आणखी चार करून द्या की ओ.

आणि ते म्हणणं म्हणजे काय, हेही तिला कळत होतं. ऐंशी वर्षांच्या कारागिराला, त्याच्या आयुष्यातल्या बहुधा शेवटच्या कामाकडे बोट दाखवून, भर सभेत सांगायचं, की हे तुटणार आहे. जपानीत एक गोष्ट असते, समोरच्याच्या भोवतालची हवा वाचणं. गुणवंतला ती कधीच वाचता आली नव्हती. इतकी वर्षं स्वरूपा त्याच्या कोपराला ढोसत आली होती.

त्या दिवशी मात्र ढोसावं लागलं नाही. गुणवंतने म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्याचे गुडघ्यावर ठेवलेले, बोटं वाकडी झालेले हात पाहिले. आणि तोंड मिटलं. मग तो उठून खोल वाकला, अगदी योग्य कोनात, आणि हळू आवाजात म्हणाला, "फार फार आभारी आहोत."

स्वरूपाला तेव्हा अभिमान वाटला होता. घरी जाऊन तिने अनुपला सांगितलं, "आज गुणवंतदादा जपानी झाले."

नवा पंप सिमाकोबोत बसला आणि चार वर्षं त्याला कुणा मिस्त्रीचा हात लागला नाही. पाणी असं यायचं की चिपो म्हणाली, आता हाणामारीलाही वेळ मिळत नाही, हंडा लगेच भरतो. मुतिंता प्राथमिक शाळा संपवून वरच्या वर्गात गेली. गुणवंत सभेत आकडे सांगायचा: बंद दिवस, शून्य. आज्ज्या रुमाल काढायच्या. पंप बिघडत नाही म्हटल्यावर सायकलवरचा मिस्त्री मोटारसायकली दुरुस्त करायला मोठ्या शहरात निघून गेला. बाजारातल्या दुकानदाराने रिंगा ठेवणं बंद केलं. समितीतल्या ज्या दोन बायकांना पाइप वर ओढून पंप खोलता यायचा, त्यांतली एक लग्न करून गेली आणि दुसरी विसरली. या गोष्टी वाईट आहेत असं कुणालाच वाटलं नाही. कुणी का वाटून घ्यावं? डॉक्टर ज्या गावात उपाशी मरतो ते गाव सुखीच म्हणायचं.

कुरिहारा-सान एका हिवाळ्यात गेले. म्हाताऱ्याने शब्द पाळला होता. ते गेले तेव्हा रिंग होती. त्यानंतर एका पावसाळ्यापुरती ती आणखी टिकली.

"डॉक्टर," चिपो फोनवर म्हणाली, "दांडा हलतो. पाणी येत नाही."

तिने त्या दिवशी बायकोचं विचारलं नाही.

गुणवंत दुसऱ्याच दिवशी टोकियोला गेला आणि स्वरूपाला बरोबर घेऊन गेला. कारखान्याच्या जागी दोन गाड्या लावायची जागा झाली होती आणि थंड पेयांचं एक यंत्र उभं होतं. कुरिहारा-सानांचा मुलगा शेजारीच राहायचा. रिंगेचे साचे कुठे आहेत म्हटल्यावर तो इतका वाकला की त्याचा चेहरा दिसेनासा झाला. भंगारात गेले होते. त्याला ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. निघताना त्याने दोघांच्या हातात केकचा एक एक खोका दिला. परतीच्या गाडीत गुणवंत तो खोका मांडीवर घेऊन बसला होता.

"वहिनी, एवढंसं तोंड उघडलं असतं ना मी त्या दिवशी..."

"दादा, तुम्ही त्यांचा मान ठेवलात."

"मान ठेवला," तो म्हणाला. "रिंग नाही ठेवली."

मिझुनोवाची अवस्था अशी होती, की मंडळ बंद करायचं आदल्या वर्षीच ठरलं होतं. सभासद थकले होते, दोघे वारले होते, पोस्टमास्तर दर सभेत सगळ्यांना स्वतःची नव्याने ओळख करून देत होते. तरुण कुणी येत नव्हतं. तेव्हा फरफटत जाण्यापेक्षा नीटनेटका शेवट करू, असा ठराव एकमताने झाला होता आणि नियमाप्रमाणे शिल्लक रक्कम नगरपालिकेच्या बागेत झाडं लावायला दिलीही गेली होती. समारोपाच्या सभेत भोजनाचे डबे वाटले जात असताना गुणवंत उभा राहिला.

"सिमाकोबोत पाणी नाही," तो म्हणाला. "मुली पुन्हा नदीवर जाऊ लागल्यात. साधा पंप बसवायचा तर सगळे पाइप बदलावे लागतील, म्हणजे सगळं नव्यानंच. एक वर्ष थांबू या. एकच वर्ष."

स्वरूपाने हे हळू आवाजात पुन्हा सांगितलं नाही. पहिल्यांदाच तिला त्याची गरज वाटली नाही.

मोरिशिता-सानांनी हातातला डबा खाली ठेवला. मग ते म्हणाले, "ते जरा कठीण आहे." जपानीत याचा अर्थ नाही असा होतो. कुणी विरोधात बोललं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्यांनी एकत्र उभं राहून सिमाकोबोच्या दिशेने, म्हणजे साधारण पार्किंगच्या दिशेने, वाकून नमस्कार केला. मग डबे उघडले.

पुढचे काही महिने गुणवंत एकटाच लढला आणि स्वरूपा त्याच्या मागे फोन धरून उभी राहिली. चिपोने गावातले पुरुष गोळा केले, ज्यांना ती काठीने हाकलायची त्यांनाच. दोर लावून पाइप वर काढले आणि तुटकी रिंग पोस्टाने पाठवली. ओसाकाकडच्या एका कारखान्याने हजार नगांच्या खाली हात लावणार नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या एकाने गुणवंतची बडबड थांबावी म्हणून एक रिंग करून दिली. ती सिमाकोबोत पोचली आणि बसली नाही. इतकी वर्षं पाण्यात राहून मूळची रिंग फुगली होती. फुगलेल्या मापाची नवी झाली. चिपोने ती दगडाने ठोकून बसवायचा प्रयत्न केला, आणि नळकांड्याला आतून चरा पडला.

तिथल्या सरकारी कचेरीत चिपो दोनदा पायी गेली. त्यांचे मिस्त्री ठरलेल्या साच्याचेच पंप दुरुस्त करत, आणि हा त्यांतला नव्हता. साहेब चांगला होता. त्याने तिला बसायला खुर्ची दिली आणि सांगितलं, जुना पंप असता तर उद्याच माणूस पाठवला असता.

मग टोकियोच्या निशी-कसाई भागातलं मराठी मंडळ. तिथल्या सांस्कृतिक चिटणीस मेधाताईंनी गुणवंतला गणपतीच्या कार्यक्रमात, लावणी आणि मुलांची वेशभूषा यांच्या मध्ये, जागा दिली. त्याने कचऱ्यातून काढलेला तो जपानी पंप स्टेजवर उभा केला, खाली बादली ठेवली आणि मुतिंताची गोष्ट सांगायला लागला. लोक खरंच गप्प झाले. एक बाई रडल्या. पहिल्या रांगेतला आंब्याचा वेश केलेला एक मुलगा उठून जपानीत म्हणाला, "काका, नळ का नाही लावत?"

"अरे, मराठीत विचार," त्याची आई कुजबुजली.

"नळाला पाणी कुठनं आणू रे, आंब्या?" गुणवंत म्हणाला. सगळे हसले, आणि ते हसणंच महागात पडलं. त्यानंतर वेशभूषा सुरू झाली. देणगीच्या पेटीत थोडंफार जमलं. पंपाच्या मानाने ते काहीच नव्हतं. मेधाताई म्हणाल्या, दिवाळीला पुन्हा बघू. दिवाळीच्या आधी त्यांच्या यजमानांची बदली सिंगापूरला झाली.

त्याच वर्षी प्रयोगशाळेने गुणवंतचं कंत्राट वाढवलं नाही. त्यात कुणाचा काही राग नव्हता. प्रकल्प संपला होता, एवढंच. त्याचा झांबियाला स्वतः जायचा बेत होता, पैसे साठवून, सामान घेऊन. तो आता व्हिसा टिकवायच्या धावपळीत मागे पडला. आधी पुढच्या महिन्यावर, मग पुढच्या हंगामावर.

रविवारी दुपारचा फोन मात्र तो करत राहिला. स्वरूपाच्या घरून करायचा, कारण त्याच्या खोलीत आता इंटरनेट नव्हतं. चिपोच्या मागे टोमॅटोच्या जागी नुसती काटेरी काडी दिसायची. बायकांचा घोळका नसायचा. त्या नदीवर असत. एकदा त्याने मुतिंताला वही घेऊन बोलवायला सांगितलं.

"मुतिंता कुठंय? अपूर्णांकांचा भागाकार राहिलाय आमचा."

"नदीवर."

"शाळेतनं आल्यावर लावू का फोन?"

चिपोने मान खाली घातली. पडद्यावर तिच्या कपाळाचाच भाग दिसत होता.

"डॉक्टर, शेजारणीचं मूल गेलं मंगळवारी. पाण्याने. तुला सांगायचं नव्हतं, तू तिकडे उगीच रडत बसशील."

गुणवंत रडला नाही. त्याने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. स्वरूपा आतून चहा घेऊन आली तेव्हा फोन बंद झाला होता आणि तो पडद्यातल्या स्वतःच्याच चेहऱ्याकडे पाहत होता.

"चांगलं चाललं होतं ओ, वहिनी," तो म्हणाला. "वर्षातनं दोन दिवस बंद पडायचा. दोनच दिवस."

स्वरूपाने चहा पुढे केला. तिला काहीतरी बोलायचं होतं, मायेचं, धीराचं. तिने त्याच्या भोवतालची हवा वाचली आणि गप्प बसली.

पुढे रविवार सुटत गेले. कधी तिकडे फोन चार्ज केलेला नसे, कधी इकडे गुणवंतला रविवारचं काम लागे. शेवटच्या फोनवर चिपोने नेहमीच्या आवाजात विचारायचा प्रयत्न केला, "बायको सापडली का रे?" तो "नाही" म्हणाला.

गुणवंत हल्ली चिबाला असतो, पोहण्याच्या तलावांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत. मुतिंताने शाळा सोडली. सिमाकोबोचा पंप बंद आहे.